चार्जिंग केबल अंधारात दिसत नाही? रेडियम गुंडाळायच्या आधी हे वाचा

ईव्ही, म्हणजे विजेवरची गाडी, नवीन घेतली की पहिले काही दिवस सगळं लक्ष रेंज आणि चार्जिंगच्या वेळेवर असतं. मग एक दिवस रात्री उशिरा घरी येतो आणि लक्षात येतं की केबल काळी, प्लग काळा, पोर्टच्या, म्हणजे गाडीवर प्लग खुपसायच्या जागेच्या, आतलं प्लास्टिक पण काळंच आणि बाहेर मिट्ट अंधार. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात तो जडशीळ प्लग, मोबाईल हनुवटीखाली दाबून टॉर्च मारायचा आणि तरी प्लग दोनदा तिरका जाणार. हे सगळ्यांचं होतं, गाडी कुठलीही असो.

आमच्याकडे हे मनावर घ्यायचं निमित्त झालं बाबांचं. पहाटे फिरायला निघाले आणि गाडी ते भिंत अशी आडवी गेलेली केबल पायात आली. पडले नाहीत, बॉनेटचा आधार मिळाला, पण मी इतका टरकलो की त्याच दिवशी चमकणारा टेप मागवला आणि अख्ख्या केबलला या टोकापासून त्या टोकापर्यंत गुंडाळून टाकला. दोन महिन्यांत त्याचा चिकट लगदा झाला, धूळ-केस सगळं त्याला, केबल हातात घ्यावीशी वाटेना, आणि गंमत म्हणजे रात्री ती चमकत पण नव्हती. का चमकत नव्हती ते खाली येईलच.

तर सुरुवात इथून करा की केबल नक्की कोणाला दिसायला हवी. दोन वेगळे लोक आहेत. एक, जो प्लग हातात घेऊन पोर्ट शोधतोय, म्हणजे तुम्ही. दुसरा, जो केबलच्या वाटेत चालत येतोय किंवा गाडी घेऊन येतोय आणि त्याला केबल आहे हे माहितीच नाही. पहिल्याचं काम हाताचं, दुसऱ्याचं पायाचं. हाताला जे लागतं ते पायाच्या कामाचं नाही आणि उलटही तसंच. मी दोन्हीला एकच टेप लावला होता, म्हणून दोन्हीकडे फसलो.

आधी एक रात्र नुसतं बघा

काहीही विकत घ्यायच्या आधी रात्री जाऊन बघायचं, दिवसा गाडीपाशी उभं राहून अंदाज करू नका. नेहमीसारखी गाडी लावा, केबल जोडा आणि घरात जा. दहा मिनिटं उजेडात बसून परत बाहेर या, अगदी जसं रोज प्लग काढायला याल तसं. आता बघा पहिल्यांदा काय दिसेनासं होतं. बहुतेकांना वाटतं पोर्ट दिसणार नाही, प्रत्यक्षात पोर्टपर्यंत पोचायच्या आधीच केबल पायात येते.

उजेडातून आल्याआल्या डोळे जवळपास आंधळेच असतात. डोळ्यात मंद प्रकाशात काम करणाऱ्या ज्या पेशी असतात त्यांना अंधाराला पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि आपण तर दाराबाहेर पडून २० सेकंदात केबलपाशी पोचतो. हे डोक्यात ठेवा, कारण मंद चमकणाऱ्या बऱ्याच वस्तू अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना छान दिसतात आणि आत्ताच दिवाणखान्यातून आलेल्या माणसाला त्या असून नसल्यासारख्या.

बघताना चार जागा लक्षात ठेवा, हवं तर मोबाईलमध्ये फोटो काढा: केबल चालायच्या वाटेला कुठे ओलांडते, जमिनीवर पडल्यावर वळसा कुठे येतो, प्लग ठेवायची जागा कुठे आहे आणि पोर्टचं झाकण उघडल्यावर आतलं किती दिसतं. एवढ्याच जागांवर काम करायचंय. आणि हो, केबल चालायच्या वाटेतून न नेता भिंतीच्या कडेने किंवा गाडीच्या खालून नेता येत असेल तर आधी ते करा, कितीही चमकवलेल्या केबलपेक्षा वाटेत नसलेली केबल बरी.

'रेडियम' म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे चमकतं ते सगळं रेडियम. गाडीवरचा स्टिकर रेडियम, सायकलच्या मडगार्डवरचा पट्टा रेडियम, अंधारात हिरवं चमकणारं स्विचबोर्डवरचं बटण पण रेडियमच. खरं रेडियम यापैकी कशातच नाहीये. १८९८ मध्ये मारी आणि पिएर क्युरींनी शोधलेला तो किरणोत्सारी धातू, पूर्वी घड्याळाच्या काट्यांना लावायच्या रंगात तो घालायचे, आणि तो रंग लावणाऱ्या अमेरिकन कारखान्यांतल्या मुलींचे त्यापायी भयानक हाल झाले. तो प्रकार कधीच बंद झाला, नाव तेवढं आपल्या तोंडात राहिलं. अडचण एवढीच की या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि 'रेडियम टेप द्या' म्हटलं की कुठली हातात येईल सांगता येत नाही.

पहिली वस्तू, रिफ्लेक्टिव्ह टेप. हिच्यात स्वतःचा प्रकाश शून्य. आलेला प्रकाश जिकडून आला तिकडेच परत पाठवते, बस. रस्त्यावरचे जे कॅट्स आय असतात, ब्रिटनच्या पर्सी शॉ यांनी १९३४ मध्ये पेटंट घेतलेले, तेच तत्त्व. त्यामुळे प्रकाश तुमच्या डोळ्यांजवळून निघाला तरच तुम्हाला ती झगमगताना दिसते. गाडीत बसलेल्याला हेडलाइटमुळे दिसते, डोक्याला हेडटॉर्च लावलेल्याला दिसते, पण दिवा गाडीचा चालू आणि तुम्ही बाजूला उभे, तर तुमच्या दृष्टीने तो राखाडी पट्टा. मोबाईलचा टॉर्च कमरेपाशी धरला तरी निम्मी मजा जाते, डोळ्यांच्या बाजूला धरा आणि फरक बघा.

दुसरी वस्तू, ग्लो टेप, म्हणजे उजेड पिऊन ठेवायची आणि अंधारात सोडायची. जुन्या प्रकारात झिंक सल्फाइड असायचं, ते थोड्याच वेळात विझायचं. १९९० च्या दशकात जपानमध्ये स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटची पावडर आली आणि चमक कितीतरी पट वाढली, आज चांगल्या टेपमध्ये हीच असते. पण तिच्याही अटी आहेत. तिला जांभळ्या-निळ्या बाजूचा प्रकाश लागतो, ऊन उत्तम, पांढरा एलईडी चालतो, पिवळसर मंद बल्बखाली ती अर्धपोटी राहते आणि लाल प्रकाशाने तर भरतच नाही. शिवाय चमक सुरुवातीला झपकन उतरते आणि मग मंदपणे रेंगाळत राहते. पाकिटावर लिहिलेले दहा-बारा तास हे त्या रेंगाळण्याचे असतात, पूर्ण अंधारात सरावलेल्या डोळ्यांना दिसेल इतपत. तुमच्या कामाचा पहिला अर्धा-एक तास.

आता माझी पहिली टेप का चमकत नव्हती ते कळलं असेल. ग्लो टेप होती, केबल दिवसभर गाडीच्या डिकीत अंधारात, रात्री बाहेर काढली की तिच्यात काही भरलेलंच नसायचं. बिचारी चमकणार कशी.

तिसरा पर्याय म्हणजे सरळ दिवा: सेन्सरचा, बॅटरीचा, हेडटॉर्च, काहीही. आणि चौथा, ज्याला कोणी विचारत नाही तो, साधा पांढरा किंवा पिवळा रंग. काळ्यावर पांढरं हे कुठल्याही मिणमिणत्या उजेडात दिसतं, त्याला ना भरावं लागतं ना हेडलाइट लागतो. माझं मत विचाराल तर निम्म्या लोकांचं निम्मं काम पांढऱ्या पट्ट्यांनीच होतं.

रंगाचं एक सांगतो. लोक हमखास लाल टेप घेतात, लाल म्हणजे धोका म्हणून. मंद उजेडात लाल रंग डोळ्याला काळपट दिसतो आणि हिरवा-निळा त्यामानाने उजळ वाटतो, चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी १९व्या शतकात हे फुलांकडे बघून टिपलं होतं, दिवसा भडक दिसणारी लाल फुलं पहाटे सगळ्यात काळी. म्हणजे काळ्या केबलवर लाल टेप म्हणजे रात्री काळ्यावर काळं. पांढरा, पिवळा, पोपटी यापैकी काहीही घ्या. ग्लोमध्ये हिरवी सगळ्यात तेज आणि सगळ्यात जास्त टिकते, त्याखालोखाल निळसर हिरवी, बाकी रंग हौसेचे.

हात लावायचा नाही अशा जागा

हे कंटाळवाणं वाटेल पण हा भाग सोडू नका.

प्लगचं तोंड, म्हणजे पिना असतात तो पुढचा भाग, आणि तो पोर्टमध्ये जितका आत शिरतो तितकं अंतर, इथे काहीही चिकटवायचं नाही. ना टेप, ना रंग, ना स्टिकर. अर्धा मिलिमीटर जाडीनेसुद्धा प्लग पूर्ण बसत नाही, मग एकतर गाडी चार्ज सुरूच करत नाही किंवा खटका नीट लागत नाही, आणि अर्धवट बसलेला कॉन्टॅक्ट म्हणजे उष्णता. प्लग एकदा पूर्ण आत घाला, पोर्टच्या कडेपाशी पेन्सिलने बारीक खूण करा, त्या खुणेच्या अलीकडे म्हणजे हँडलच्या बाजूलाच जे काय करायचं ते.

पोर्टमध्ये पण तसंच. पिनांच्या भोवतीचा गोल, रबराची सील, तळाशी पाणी जायला असलेलं बारीक भोक, लॉकची पिन बाहेर येते ते छिद्र, यातलं काहीही झाकायचं नाही. पोर्टजवळचा स्टेटस दिवा आणि केबलमधल्या कंट्रोल बॉक्सवरचे दिवे पण मोकळे ठेवा. बॉक्सवरची माहितीची पट्टी, ॲम्पिअरचा आकडा वगैरे, तेही झाकू नका.

केबलला चीर असेल, आवरण सोललं असेल, प्लग वितळल्यासारखा किंवा पिवळा पडलेला दिसत असेल तर त्यावर टेप मारून झाकायचा विचारसुद्धा नको. ती केबल बदलायची, संपलं. आणि चार्जर किंवा प्लग उघडून आत एलईडी बसवायचे व्हिडिओ दिसतात, ते बघा हवं तर, करू नका.

चार्जर भाड्याचा किंवा ऑफिसचा असेल तर आधी विचारा. सार्वजनिक चार्जरवर काहीच चिकटवायचं नाही, त्याचं वेगळं शेवटी सांगतो.

सामान

फार लागत नाही. दोन-अडीच सेंटीमीटर रुंदीची लवचिक रिफ्लेक्टिव्ह टेप किंवा त्याहून चांगलं म्हणजे वेल्क्रोचे रिफ्लेक्टिव्ह पट्टे, पांढरी किंवा पिवळी सिलिकॉन टेप, हिरव्या ग्लो टेपचा छोटा रोल, आयसोप्रोपिल अल्कोहोल, सुती फडकं, कात्री. उठावाचे छोटे सिलिकॉनचे ठिपके मिळतात, कपाटाच्या दाराला आवाज होऊ नये म्हणून लावतात ते, ते चार-पाच घेऊन ठेवा.

रिफ्लेक्टिव्ह टेप घेताना एक बघा. कापडी, चंदेरी, वाकणारी जी असते तिच्यात काचेचे बारीक मणी असतात, ती गोल केबलवर छान बसते. ट्रकच्या मागे लावतात ती मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी असलेली टेप जास्त तेज असते पण कडक असते, बारीक गोलाईवर कडा उचलून येते. ती भिंतीला, चार्जरच्या खांबाला लावा. अजून एक, ज्या टेपमध्ये मणी वरती उघडे असतात ती भिजली की बऱ्यापैकी मंद होते, कारण वर पाण्याचा थर बसला की प्रकाश वळायचं गणित बिघडतं. केबल पावसात पडून राहणार असेल तर वरून प्लास्टिकचा गुळगुळीत थर असलेली टेप घ्या. विकत घ्यायच्या आधी कळत नसेल तर घरी आणून नळाखाली धरा आणि टॉर्च मारा, लगेच कळेल.

केबल

पहिलं काम, दोन्ही टोकं काढा. गाडीतूनही आणि भिंतीतूनही. भिंतीला कायमची जोडलेली असेल तर चार्जरचा एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा त्याचा मुख्य खटका, बंद करा.

मग पुसा. नुसत्या ओल्या फडक्याने आधी माती काढा, वाळू द्या, मग जिथे पट्टा येणार तेवढ्याच जागी अल्कोहोल लावलेलं फडकं हलकेच फिरवा. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काही वापरू नका, आवरण मऊ पडतं किंवा तडे जातात.

पट्टे कुठे? अख्खी केबल गुंडाळायची नाही हे वर सांगितलंच. एकतर ती वाकताना टेप सुरकुतते, कडा सुटतात, आत पाणी आणि धूळ बसते, आणि आवरणाला पडलेली चीर टेपखाली दिसतच नाही. पूर्ण बाही घालायची तर उष्णतेलाही बाहेर पडायला अडचण. त्यापेक्षा ठरावीक अंतरावर पट्टे. जिथे केबल चालायची वाट ओलांडते तिथे अर्ध्या अर्ध्या मीटरवर, बाकी ठिकाणी एक-दीड मीटरवर पुरे. डोळा ठिपके जोडून रेघ स्वतःच बनवतो, त्याला अख्खी रेघ लागत नाही. प्लगच्या मागे साधारण एक वीत अंतरावर एक पट्टा हवाच, कारण जमिनीवर पडलेला प्लग शोधताना हात तिथेच जातो.

मी आता काय वापरतो ते सांगतो. वाटेतल्या भागावर पिवळी सिलिकॉन टेप. ही स्वतःलाच चिकटते, हिला गोंद नसतो, त्यामुळे उन्हात पाघळत नाही आणि नको झाली की कापून काढली की खाली केबल जशीच्या तशी. लावताना ती थोडी ताणायची आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवायचा, तीन-चार वेढे झाले की झालं. फक्त लक्षात ठेवा, सिलिकॉनवर दुसरं काही चिकटत नाही, त्यामुळे तिच्यावर रिफ्लेक्टिव्ह टेप लावायला जाऊ नका, मी ते पण करून बसलोय. रिफ्लेक्टिव्ह पट्टा तिच्या शेजारी, वेगळा.

साधी पीव्हीसी टेप वापरणार असाल तर उलटं, ती ताणून लावायची नाही. ताणलेली टेप हळूहळू आखडते आणि शेवटचं टोक सुटून झेंड्यासारखं फडकायला लागतं. शेवटचा इंचभर तर अगदी सैल ठेवून बोटाने दाबायचा. रिफ्लेक्टिव्ह टेपला दीड वेढा द्या म्हणजे टेप टेपवरच चिकटेल, केबलच्या आवरणावर तिचा भरवसा नाही. काही आवरणांतून हळूहळू तेलकट अंश वर येतो आणि गोंद मऊ करतो, लगदा त्यामुळेच होतो. म्हणून आधी एकच पट्टा लावा, आठवडाभर वापरा, टिकला तर पुढचे.

ग्लो टेप केबलवर? केबल दिवसा उजेडात भिंतीवर टांगलेली असेल तर लावा एखादा पट्टा. डिकीत राहणारी असेल तर सोडून द्या. ग्लोचा रंग ब्रशने केबलवर मारायचं तर अजिबात नको, वाकली की त्याचे टवके उडतात.

एक आडवळणाची गोष्ट, पण सांगून ठेवतो: चार्जिंग चालू असताना उरलेली केबल घट्ट वेटोळं करून ठेवू नका, आतली उष्णता अडकते. सैल, मोठे वळसे करून भिंतीच्या बाजूला टाका, आणि त्या वळशाच्या बाहेरच्या कडेला पट्टा येईल असं बघा, कारण पाय तिथेच अडकतो.

प्लग, म्हणजे हाताचं काम

इथे चमकण्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे वरची बाजू कुठली हे कळणं. टाइप २ चा प्लग, म्हणजे साध्या (एसी) चार्जिंगचा एक प्रकार, गोल दिसतो पण वरून चपटा असतो, त्यात ७ कॉन्टॅक्ट, आणि तो एकाच पद्धतीने बसतो. सीसीएस२, म्हणजे फास्ट चार्जरचा प्लग, त्यात याच्याखाली डीसीच्या (फास्ट चार्जिंगच्या) दोन जाड पिना जोडलेल्या. अंधारात माणूस तो चपटा भाग अंगठ्याने चाचपडत बसतो, आणि पिनांना हात लावायची सवय चांगली नाही.

उपाय अगदी स्वस्तातला आहे. हँडलच्या वरच्या बाजूला, अंगठा जिथे येतो तिथे, एक उठावाचा सिलिकॉन ठिपका चिकटवा. बस. हँडल हातात घेतलं, अंगठ्याखाली ठिपका आला की सरळ आहे. याला उजेड लागत नाही, बॅटरी लागत नाही. ज्या प्लगला वर दाबायचा खटका असतो, टाइप १ या दुसऱ्या प्रकारच्या प्लगसारखा, तिथे खटक्यावर किंवा त्याच्या बिजागरीवर काही लावू नका, ठिपका त्याच्या मागे. हँडलवरच बटण असेल तर तेही मोकळं.

मग त्याच रेषेत हँडलवर पांढऱ्या टेपची बोटभर उभी पट्टी. पोर्टच्या वरच्या बाजूलाही तशीच छोटी पट्टी लावता आली तर दोन रेषा समोरासमोर आणायच्या, तिरकं जायचा प्रश्नच नाही.

प्लग भिंतीवर ज्या होल्डरमध्ये टांगता त्याच्या कडेने मात्र ग्लो टेपचं कडं करा. इथे ती शोभते, कारण तिथे दिवसभर उजेड मिळतो आणि ती जागा हलत नाही. गाडी त्या भिंतीकडे तोंड करून लावत असाल तर आणखी सोपं, बंद करायच्या आधी अर्धा मिनिट हेडलाइट त्यावर राहू द्या, एलईडी हेडलाइट असतील तर कडं चांगलं भरतं आणि तुम्ही उतरून येईपर्यंत हिरवं चमकत असतं. कड्याच्या खाली पांढरा कागद किंवा पांढरा रंग असेल तर चमक अजून वाढते, गडद भिंत निम्मा प्रकाश खाते.

पोर्ट

सगळे इथून सुरुवात करतात आणि सगळ्यात जास्त चुका पण इथेच. पहिला विचार येतो तो झाकणाच्या आत ग्लो स्टिकर लावायचा. नीट विचार करा, ते झाकण दिवसभर बंद असतं. आत मिट्ट काळोख. स्टिकरला उजेड मिळणार कधी? ज्या क्षणी उघडता त्या क्षणी तो विझलेलाच असतो. टॉर्च मारून भरता येतो, पण टॉर्च हातात असेल तर स्टिकर कशाला हवा.

म्हणून झाकणाच्या आतल्या बाजूला, सपाट प्लास्टिकवर, पांढरी पट्टी. हेडटॉर्च वापरणार असाल तर तिच्या जागी रिफ्लेक्टिव्ह. लावल्यावर झाकण बंद करून एक कागदाचा चिटोरा कडेला अडकवून ओढून बघा, सगळीकडून सारखाच घट्ट ओढला जातोय ना. कुठे सैल वाटला तर पट्टी सीलवर आलीये, काढून आत सरकवा, नाहीतर पहिल्या पावसात पाणी.

गाडीच्या बाहेरून झाकण कुठे आहे हेच सापडत नसेल, आणि गडद रंगाच्या गाडीला होतं असं, तर झाकणाच्या कडेशी बारीक ठिपका पुरे. बॉडीवर मोठे रिफ्लेक्टिव्ह लावायच्या आधी तुमच्याकडचे नियम बघा. पुढच्या बाजूला लाल रिफ्लेक्टिव्ह तर नकोच, लाल म्हणजे गाडीची मागची बाजू असंच समोरचा ड्रायव्हर समजतो.

बऱ्याच गाड्यांत पोर्टजवळ छोटा दिवा आधीच असतो, झाकण उघडलं किंवा गाडी अनलॉक केली की लागतो. काही गाड्यांत तो सेटिंगमध्ये बंद असतो. मॅन्युअल उघडून बघा, मी असे लोक बघितलेत ज्यांनी टेप, टॉर्च सगळं घेतलं आणि दिवा गाडीतच होता. त्या दिव्याच्या रंगांचा अर्थ मात्र प्रत्येक कंपनीचा वेगळा, एका गाडीतला हिरवा दुसऱ्या गाडीत निळा असू शकतो.

दिवा

तुमची पार्किंगची जागा ठरलेली असेल आणि भिंतीवर काही लावायची मुभा असेल तर सेन्सरचा एक दिवा बाकी सगळ्या टेपांना भारी पडतो. बॅटरीवाला किंवा सोलरवाला पण चालेल. हे सेन्सर अंगाची उष्णता हलताना ओळखतात, आणि तुम्ही त्यांच्यासमोरून आडवे गेलात तर पटकन ओळखतात, सरळ त्यांच्याकडे चालत आलात तर उशिरा. म्हणून दिवा दाराच्या बरोबर समोर लावण्यापेक्षा बाजूच्या भिंतीवर लावा, म्हणजे तुमची वाट त्याच्यासमोरून आडवी जाईल. कडक उन्हाळ्यात हवाच अंगाइतकी तापलेली असते तेव्हा तो जरा मंद वागतो, खराब झालाय म्हणून फेकू नका.

उंची छातीच्या आसपास ठेवा आणि तोंड खाली. खूप वर लावला की तुमचीच सावली पोर्टवर पडते. डोळ्यावर येणारा झगझगीत दिवा पण नको, तो बंद झाला की पुढची पाच मिनिटं काहीच दिसत नाही.

मग परत एक रात्र

सगळं लावून झालं की पहिल्या रात्रीसारखंच परत करा, उजेडातून बाहेर या आणि चालत जा. रिफ्लेक्टिव्ह पट्टे तपासायला मोबाईलचा फ्लॅश चालू करून फोटो काढा, फ्लॅश आणि लेन्स शेजारीशेजारी असल्यामुळे फोटोत पट्टे पेटल्यासारखे दिसतात, कुठला पट्टा केबलच्या खालच्या बाजूला वळलाय तेही लगेच कळतं. फक्त त्या फोटोवर खूश होऊन थांबू नका, पायी येणाऱ्याच्या हातात टॉर्च असेलच असं नाही, त्याला फक्त पांढरा-पिवळा दिसणार. म्हणून घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी, न सांगता, काहीतरी आणायला गाडीपाशी पाठवा. मी बाबांनाच पाठवलं. ते केबल ओलांडून गेले, परत आले आणि म्हणाले, 'ते पिवळं काय लावलंयस?' एवढं कळलं म्हणजे झालं.

महिन्यातून एकदा केबल हातातून सरकवत पुसा, पट्टे मळले की रिफ्लेक्टिव्हपणा जातो आणि पुसला की बराचसा परत येतो. पुसतानाच आवरणाला चीर, फुगवटा, कुठे गरम होऊन रंग बदललाय का ते बघून होतं. सुटलेली टेप तशीच ठेवू नका, प्लगजवळची तर नाहीच, तिचं टोक एखाद्या दिवशी प्लगबरोबर पोर्टमध्ये जाईल.

बाहेरच्या चार्जरवर जाताना गाडीत दोन वेल्क्रोचे रिफ्लेक्टिव्ह पट्टे आणि एक हेडटॉर्च ठेवा. फास्ट चार्जरची केबल जाड, जड आणि बहुतेक वेळा काळी असते आणि ती दोन गाड्यांच्या मधून लोंबते, तिला तात्पुरता एक पट्टा बांधायचा आणि निघताना आठवणीने सोडायचा. आठवण राहावी म्हणून मी तो पट्टा एरवी गाडीच्या किल्लीला बांधून ठेवतो, किल्ली मोकळी दिसली की कळतं पट्टा अजून केबललाच आहे.